'व्हिम्झिकल' म्हणजे नुसतं 'लहरी' नव्हे: हा शब्द वापरताना या चुका टाळा

काही वर्षांपूर्वी लहान मुलांच्या एका चित्रपुस्तकाचा मलपृष्ठावरचा मजकूर मी मराठीत करत होते. मूळ इंग्रजीत चित्रांना 'व्हिम्झिकल' (whimsical) हे विशेषण लावलेलं होतं. मी शब्दकोश उघडला, पहिलाच अर्थ 'लहरी' दिसला आणि 'लहरी चित्रांनी सजलेलं पुस्तक' असं लिहून मोकळी झाले. संध्याकाळी संपादकबाईंचा फोन आला. "अहो, चित्रं लहरी म्हणजे काय? मनात आलं तर दिसणार, नाहीतर नाही?"

प्रश्न बिनतोड होता. शब्दकोशाने दिलेला अर्थ खोटा नव्हता, पण वाक्य साफ चुकलं होतं. त्या दिवसापासून या एका शब्दाकडे माझं बारीक लक्ष आहे. दादरला संध्याकाळी मी नोकरदार मंडळींना इंग्रजी शिकवते. ऑफिसातून थेट वर्गात येणारी ही मंडळी हा शब्द कुठे आणि कसा वापरतात, ते मी वहीत टिपत गेले. चुका त्याच त्याच निघाल्या. बहुतेकींचं मूळही एकच: 'व्हिम्झिकल' आणि 'लहरी' यांच्यामध्ये आपण बरोबरचं चिन्ह टाकून बसलो आहोत.

आधी अर्थ डोळ्यांपुढे आणा

व्याख्या नंतर पाहू, आधी मलबार हिलला चला. कमला नेहरू पार्कातला म्हातारीचा बूट मुंबईत वाढलेल्या बहुतेकांनी पाहिलेला असतो. घरच्या जुन्या अल्बममध्ये त्या बुटातून डोकावणारं एखादं पोर हमखास सापडतं. एका जुन्या इंग्रजी बडबडगीतातली म्हातारी आपल्या ढीगभर पोरांना घेऊन बुटात राहते, त्यावरून तो बूट इथे उभा राहिला. बुटात कोणी राहत नाही हे चार वर्षांच्या मुलालाही ठाऊक असतं. पण राहिलं तर? खिडक्या कुठे असतील? जिना कुठून जाईल? पाऊस आला की नाडीवरून पाणी गळेल का? या 'तर'मध्ये जी मजा आहे, तिला इंग्रजीत 'व्हिम्झिकल' म्हणतात.

ही मजा आपल्याकडे नाही असं मुळीच नाही. इंग्रजांची म्हातारी बुटात राहिली, आपली भोपळ्यात बसली. लेकीकडे तूपरोटी खाऊन जाडजूड झालेली म्हातारी परतताना वाघोबा-कोल्होबांना चुकवायला भोपळ्यात शिरते आणि 'टुणुक टुणुक' करत रानातून निघते. अख्खी म्हातारी मावेल एवढा भोपळा कुठल्या बाजारात मिळाला, असं ऐकणाऱ्या एकाही मुलाने विचारल्याचं मला आठवत नाही. वाघाची भीती त्या गोष्टीत आहे, पण ती लपंडावातल्या भीतीसारखी. भोपळ्यातली म्हातारी ही इंग्रजी अर्थाने अगदी शंभर टक्के व्हिम्झिकल कल्पना आहे, आणि तिला 'लहरी कल्पना' म्हटलं तर काहीतरी हातातून निसटतं, हे तुम्हालाही जाणवेल.

जे व्यवहाराच्या हिशेबात बसत नाही, पण ज्याने कुणाचं काही बिघडत नाही आणि बघणाऱ्याच्या ओठांवर हसू येतं, ते व्हिम्झिकल. त्यात कल्पनाशक्ती असते, खेळकरपणा असतो आणि बहुतेक वेळा थोडासा जुनवट गोडवाही असतो. हँगिंग गार्डनमध्ये झुडपं कातरून केलेले प्राणी या अर्थाने व्हिम्झिकल. कुलाब्याच्या कॅफे मोंडेगारच्या भिंतींवरची मारिओ मिरांडांची चित्रं व्हिम्झिकल. त्या गर्दीतलं प्रत्येक माणूस आपल्याच नादात असतं, आणि तरी कोणीच कोणाला लागत नाही.

या शब्दाचा जन्मही खेळातलाच आहे. सोळाव्या शतकातल्या इंग्रजीत 'व्हिम-व्हॅम' असा एक जोडशब्द होता. शोभेची, चिमुकली, खास कशाच्याच कामाची नसलेली वस्तू म्हणजे व्हिम-व्हॅम. आपण 'अडगुलं-मडगुलं' म्हणताना जिभेला जो नाच देतो, तोच नाच या शब्दात आहे. त्याच घराण्यातले 'व्हिम' आणि 'व्हिम्झी' हे शब्द पुढे रुळले आणि सतराव्या शतकात 'व्हिम्झिकल' हे विशेषण वापरात आलं. वर्गात मी ही गोष्ट मुद्दाम सांगते. शब्दकोशातले अर्थ विसरले जातात, पण 'व्हिम-व्हॅम' म्हणताना जो आनंद होतो तो लक्षात राहतो, आणि शब्दाचा स्वभाव त्या आनंदात आहे.

मग 'लहरी' आलं कुठून?

दुसऱ्या अर्थातून. आपल्या मराठीत 'आली लहर, केला कहर' अशी नेमकी म्हण आहे. मनात आलं म्हणून कारण न देता, परिणामांचा विचार न करता काहीतरी ठरवणं आणि ते दुसऱ्यांना भोगायला लावणं, हा त्या म्हणीतला आशय. महंमद तुघलकाने १३२७ साली दिल्लीची राजधानी आपल्या देवगिरीला, म्हणजे दौलताबादला, हलवली आणि काही वर्षांनी परत नेली. त्यानंतर आपण कोणत्याही बेभरवशाच्या अधिकाऱ्याला 'लहरी महंमद' म्हणत आलो. इंग्रजीतही अशा हुकमाला व्हिम्झिकल म्हणता येतं. इथे गोडवा अजिबात नाही. इथे अर्थ मनमानी.

भारतातल्या न्यायालयीन इंग्रजीत तर हा दुसरा अर्थच घट्ट रुजलेला आहे. 'आर्बिट्ररी (मनमानी), कप्रिशस (क्षणाक्षणाला बदलणारं) अँड व्हिम्झिकल' ही तिकडी अर्जांत आणि निकालांत एका दमात येते. यामागे एक मोठा विचार आहे. १९७३ मध्ये ई. पी. रॉयप्पा विरुद्ध तामिळनाडू राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती भगवती यांनी राज्यघटनेच्या चौदाव्या कलमाबद्दल लिहिताना म्हटलं की समता आणि मनमानी या एकमेकींच्या हाडवैरी आहेत. एक प्रजासत्ताकातल्या कायद्याच्या राज्याची, तर दुसरी अनियंत्रित राजाच्या लहरीची. तिथे मूळ इंग्रजीत 'व्हिम अँड कप्रीस' असेच शब्द आहेत. ज्या देशात 'व्हिम' हा शब्द समतेच्या विरुद्ध टोकाला उभा केला गेला, तिथल्या वकिलाला आणि पत्रकाराला 'व्हिम्झिकल' म्हटलं की आधी मनमानी आठवणार, हे स्वाभाविक आहे. ते इंग्रजी चुकीचं नाही. फक्त ते शब्दाचं एकच अंग आहे.

दोन्ही अंगं एकाच जागी पाहायची असतील तर फोर्टमध्ये जा. मुंबई उच्च न्यायालयाच्या १८७८ मध्ये पूर्ण झालेल्या दगडी इमारतीत, कोरीव कामाच्या गर्दीत, माकडाच्या रूपातला एक न्यायाधीश आहे. हातात तराजू आणि एका डोळ्यावर पट्टी. वकिलाच्या वेशातला कोल्हाही तिथे आहे. बांधकामातल्या एका कंत्राटदाराने खटला हरल्यावर असा राग काढला, अशी आख्यायिका पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. आख्यायिका बाजूला ठेवा, कोरीव काम बघा. त्याचं वर्णन करताना इंग्रज लेखक 'व्हिम्झिकल कार्व्हिंग्ज' म्हणेल आणि ते कौतुक असेल. त्याच इमारतीत आतल्या दालनात एखादा सरकारी आदेश 'व्हिम्झिकल' ठरला, तर तो रद्द होईल. शब्द एक, भिंत एक, अर्थ दोन.

मग ओळखायचं कसं? माझ्या अनुभवात एकच खूण पुरेशी ठरते: विशेषण कोणत्या नामाला चिकटलंय ते बघा. चित्र, गोष्ट, नक्षी, रचना, पोशाख, हसू, विनोदबुद्धी अशा नामांपुढे व्हिम्झिकल आलं की अर्थ खेळकर. निर्णय, आदेश, धोरण, बदली, कारभार, वागणूक अशा नामांपुढे आलं की अर्थ मनमानी. पहिल्या यादीतल्या गोष्टी आपण बघतो, दुसरीतल्या आपल्याला सोसाव्या लागतात. आता चुकांकडे येते.

'लहरी पाऊस'चं 'व्हिम्झिकल रेन' करू नका

माझ्या वहीत सगळ्यात जास्त वेळा आलेली आणि मला सगळ्यात जास्त लागलेली चूक ही. 'पावसाचा लहरीपणा' हे आपल्या कानांना इतकं सवयीचं आहे की इंग्रजीत लिहिताना हात आपोआप 'व्हिम्झिकल'कडे जातो.

एका विद्यार्थ्याने २६ जुलै २००५ वर निबंध लिहिला होता. त्या रात्री तो शाळकरी होता. वडील घरी पोचले ते दुसऱ्या दिवशी दुपारी, कुर्ल्याहून पाण्यातून चालत. निबंधाची सुरुवात त्याने 'इट वॉज अ व्हिम्झिकल रेन' अशी केली होती. मी वाचून थोडा वेळ गप्प बसले, कारण पुढचा सगळा मजकूर काळजाला हात घालणारा होता आणि पहिल्याच वाक्याने इंग्रजी वाचकाला भलत्याच रस्त्याला लावलं असतं. 'व्हिम्झिकल रेन' म्हटलं की त्या वाचकापुढे रंगीत थेंब, छत्री घेतलेले बेडूक, एखाद्या बालचित्रातला पाऊस येतो. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता आणि त्याच शहराच्या दुसऱ्या टोकाला, कुलाब्याला, ७५ मिलिमीटरही नाही. त्याला म्हणायचं होतं ते हे: एकाच शहरात, एकाच दिवशी, कुठे प्रलय आणि कुठे रोजचा पाऊस.

यासाठी इंग्रजीत चांगला शब्द आहे, 'इरॅटिक'. लॅटिनमधल्या 'भटकणे' या क्रियापदापासून तो आला. नेमाने न येणाऱ्या, कधी ओढ देणाऱ्या तर कधी झोडपणाऱ्या पावसाला तो चपखल बसतो. 'पावसाचा लहरीपणा' या आपल्या शब्दप्रयोगाला तर तयार जोडीदार आहे: 'व्हेगरीज ऑफ द मॉन्सून'. 'व्हेगरी'च्या मुळाशीही भटकणंच आहे. आणि वर्षानुवर्षांत एखादवेळी येणाऱ्या, कोणाच्याच अंदाजात नसलेल्या वादळासाठी 'फ्रीक स्टॉर्म'. त्या विद्यार्थ्याने पहिलं वाक्य काढूनच टाकलं आणि ९४४ या आकड्यापासून सुरुवात केली. निबंध उभा राहिला.

माणसाला लावताना दोनदा विचार करा

मुलाखतीच्या तयारीत एका मुलीने स्वतःची ओळख लिहून आणली होती: 'आय ॲम अ व्हिम्झिकल पर्सन'. ती चित्रकार, स्टुडिओत नोकरी हवी होती, आणि तिला म्हणायचं होतं की माझ्या डोक्यात सतत काहीतरी नवं चालू असतं. समोरचा माणूस यातून काय ऐकेल? हिच्या मनात येईल तेव्हा ही काम करेल. मुदत पाळेलच असं नाही. तिने वाक्य फिरवलं: 'माय ड्रॉइंग्ज आर व्हिम्झिकल'. एवढ्याशा बदलाने तक्रारीचं कौतुक झालं, कारण विशेषण माणसावरून उठून चित्रावर बसलं. काम व्हिम्झिकल असावं; काम करणाऱ्याला 'इमॅजिनेटिव्ह' किंवा 'इन्व्हेंटिव्ह' म्हणावं.

दुसऱ्याबद्दल बोलतानाही हेच. आपण 'लहरी माणूस' हा एकच शिक्का पाच प्रकारच्या माणसांवर मारतो. इंग्रजीत त्यांची घरं वेगळी आहेत. आज खूश तर उद्या बोलायचं नाही असा कलावंत 'टेम्परामेंटल'. हाती सत्ता असलेला आणि सकाळचा निर्णय संध्याकाळी फिरवणारा साहेब 'कप्रिशस'. मे महिन्यात कानटोपी घालून शिवाजी पार्कला फेऱ्या मारणारे आजोबा 'एक्सेन्ट्रिक', आपल्या भाषेत तऱ्हेवाईक. रोज त्याच लोकलच्या त्याच डब्यात त्याच दाराशी उभा राहणारा आणि तिथे दुसरं कोणी असलं तर ती गाडी सोडून देणारा माझा एक ओळखीचा 'क्वर्की'. 'मूडी' शब्द आपण मराठीत फारच सैल वापरतो. इंग्रजीत त्यात फुरंगटण्याची, उदासीची छटा मोठी असते, तेव्हा तोही जपून.

मग व्हिम्झिकल माणूस कोण? नातवंडाला पत्र लिहिताना घरच्या मांजराच्या वतीने सही करणारी आजी. तिच्या वागण्याचा कोणाला त्रास नाही, उलट वाट पाहिली जाते. अशा माणसाबद्दल लिहायचं असेल तरी नुसतं 'शी इज व्हिम्झिकल' लिहून सोडू नका. 'शी हॅज अ व्हिम्झिकल सेन्स ऑफ ह्यूमर' लिहिलं की शंकेला जागा राहत नाही.

तक्रारीच्या पत्रात

सोसायटीच्या पाण्याच्या वेळा रोज बदलतात, नोटीस लागत नाही, आणि तुम्ही कमिटीला इंग्रजीत पत्र लिहिताय. 'व्हिम्झिकल टायमिंग्ज' लिहू नका. 'आर्बिट्ररी' लिहा. वकिलाला दोन्ही कळतील, पण कमिटीतल्या तरुण सभासदाने हा शब्द कार्टूनच्या आणि केकच्या वर्णनात वाचलेला असतो, आणि तुमच्या रागाची धार त्याच्यापर्यंत पोचणार नाही. परदेशी ग्राहकाला किंवा वरिष्ठाला मेल करताना तर ही काळजी घ्याच. 'युअर डिसिजन सीम्स व्हिम्झिकल' हे वाक्य तिकडे एक तर बुचकळ्यात टाकतं, नाहीतर नको इतकं झोंबतं. 'द रीझन्स फॉर द डिसिजन आर नॉट क्लिअर टु अस' असं सरळ म्हटलं की काम होतं.

'ऑन' की 'ॲट'

'व्हिम' या नामाभोवतीची शब्दयोगी बाजू आपल्याला हमखास फसवते. 'इन अ व्हिम' असं काही नसतं. 'ऑन अ व्हिम' असतं, आणि त्याला मराठीत सुरेख शब्द आहे: हुक्की आली म्हणून. रविवारी दुपारी हुक्की आली आणि चर्चगेटची गाडी पकडून मरीन ड्राइव्हला जाऊन बसलो, हे 'ऑन अ व्हिम'. यात दोष नाही, पश्चात्ताप नाही, कोणाला विचारावं लागलं नाही.

'ॲट द व्हिम ऑफ' मात्र वेगळं. त्याच्यापुढे नेहमी कोणीतरी वरचढ येतो: साहेबाच्या मर्जीवर, मालकाच्या मर्जीवर. सुट्टी मिळेल की नाही हे साहेबाच्या मर्जीवर असेल तर 'ॲट द व्हिम ऑफ द बॉस'. पहिल्यात हुक्की आपली, दुसऱ्यात लहर दुसऱ्याची आणि भोगायचं आपण. 'व्हिम्स अँड फॅन्सीज' हा आपल्या इंग्रजीतला लाडका जोडशब्दही याच दुसऱ्या घरातला. कोणाचे लाड कौतुकाने सांगायचे असतील तर तो नको. 'वी केटर टु ऑल युअर व्हिम्स अँड फॅन्सीज' अशी पाटी मी एका केटररच्या गाडीवर पाहिली होती. त्यांना म्हणायचं होतं 'तुमची प्रत्येक आवडनिवड जपतो', आणि पाटी म्हणत होती 'तुमचे नखरे सहन करतो'.

रूपं आणि स्पेलिंग

हे पटकन. 'व्हिम्झी' हे नाम, 'व्हिम्झिकल' हे विशेषण. 'अ व्हिम्झी पर्सन' नको. 'व्हिम्झी' बहुतेक वेळा मोजत नाहीत, म्हणून 'अ टच ऑफ व्हिम्झी'. 'व्हिम' मात्र मोजता येतं, एक व्हिम, अनेक व्हिम्स. स्पेलिंगमध्ये डब्ल्यूनंतरचा एच गाळला जातो आणि मधल्या एसच्या जागी झेड येतो, या दोनच चुका मला वारंवार दिसल्या. क्रियाविशेषणात शेवटी डबल एल आणि वाय.

उच्चारात आपली मराठी आडवी येते

इथे जरा थांबते, कारण ही अडचण आपल्या खास मराठी जिभेची आहे आणि तिची दुरुस्तीही आपल्याच भाषेतून होते.

शब्द देवनागरीत 'व्हिम्झिकल' असा लिहायची रीत आहे, मीही तसाच लिहिते आहे. पण तो तसा वाचला की दोन ठिकाणी घसरतो. पहिलं, 'व्हि'. आपला 'व्ह' वरच्या दातांना खालचा ओठ लावून येतो. इंग्रजीत इथे दातांचं काम नाही. ओठांचा चंबू करा, 'उ' म्हणायला निघा आणि लगेच 'इ'वर या: 'उइम्'. तो चंबू महत्त्वाचा.

दुसरं, 'झि'. मराठीत झ दोन प्रकारचा: झाडातला आणि झिम्म्यातला. मोठ्याने म्हणून बघा, जिभेची जागा बदलते. आणि आपल्या भाषेचा नियम असा की पुढे इ आली की झ झिम्म्यातलाच होतो. त्यामुळे 'झि' असं लिहिलेलं दिसलं की मराठी जीभ इमानेइतबारे झिम्मा खेळायला लागते. 'म्युझिक'चंही तेच होतं. इंग्रजीत हवा आहे तो झाडातल्या झच्या जवळचा, त्याहून हलका, मधमाशीच्या गुणगुणीसारखा आवाज. वर्गात मी आधी नुसती ती गुणगुण काढायला लावते, मग आवाज न तोडता त्याच्या पुढे इ जोडायला. पंधरा माणसं एकदम गुणगुणायला लागली की शेजारच्या खोलीतले लोक डोकावतात, पण आठवडाभरात उच्चार बसतो. जोर पहिल्या अवयवावर, 'विम्'वर. शेवटचा 'कल' अगदी पुसट, क आणि ल यांच्यात स्वर असून नसल्यासारखा.

प्रत्येक गोंडस गोष्ट व्हिम्झिकल नसते

गेल्या काही वर्षांत हा शब्द मुंबईत एका नव्या वाटेने आला आहे: लग्नाच्या सजावटीतून. भाचीच्या साखरपुड्याला सजावटकाराने 'व्हिम्झिकल थीम' सुचवली आणि पुढ्यात फोटो ठेवले. पिवळसर दिव्यांच्या माळा, पांढरी फुलं, फिकट गुलाबी पडदे. सगळं सुंदर होतं. पण व्हिम्झिकल त्यात काहीच नव्हतं. नाजूक होतं, स्वप्नाळू होतं, इंग्रजीत 'ड्रीमी' किंवा 'डेलिकेट' म्हणता आलं असतं. व्हिम्झिकल व्हायला कुठेतरी एक अनपेक्षित, खट्याळ वळण लागतं. मग भाचीनेच सुचवलं की पाहुण्यांच्या टेबलांना नंबरांऐवजी हार्बर लाइनच्या स्टेशनांची नावं द्यायची आणि प्रत्येक टेबलावर इंडिकेटर ठेवायचा. जिथे गाडी बदलावी लागते त्या वडाळ्याच्या टेबलाला 'आपल्याला पुढे जेवणासाठी बदलायचं आहे' अशी चिठ्ठी. दोघं रोज त्याच गाडीने प्रवास करत एकमेकांना भेटलेले. ते टेबल व्हिम्झिकल होतं, आणि सजावटकाराने शब्द वापरला तेव्हा त्याच्या मनात हे नव्हतं.

म्हणून गोंडस, रंगीत, फुलाफुलांचं, परीकथेसारखं दिसलं की लगेच हा शब्द डकवू नका. तसंच निव्वळ विनोदी गोष्टीलाही नको: खो खो हसवणारं ते 'हिलॅरियस', व्हिम्झिकलने मनातल्या मनात हसू येतं. एकाच परिच्छेदात हा शब्द दोनदा आला तर दुसऱ्यांदा काढा. गोडाचा पदार्थ आहे, वाटीभर पुरतो.

आणि दुःखाच्या जागी हा शब्द कधीच नको. एका गृहस्थांनी वडिलांच्या श्रद्धांजलीत 'व्हिम्झिकल डेथ' लिहिलं होतं. अचानक आलेला, कसलीही चाहूल न दिलेला मृत्यू त्यांना सांगायचा होता, नियतीची लहर म्हणतात तसा. मी पेनाने हळूच खोडून 'सडन' लिहिलं आणि काही बोलले नाही.

लिहून झालं आणि शंका आली तर

शब्द काढा आणि त्या जागी 'प्लेफुल' ठेवून वाक्य मोठ्याने वाचा. टिकलं तर व्हिम्झिकल राहू दे. विचित्र वाटलं तर 'आर्बिट्ररी' ठेवून बघा, आणि ते बसलं तर तेच लिहा, कारण स्पष्ट बोलण्यात फायदा आहे. तेही बसत नसेल आणि गोष्ट निसर्गाची, बाजारभावाची किंवा गाड्यांच्या वेळेची असेल, तर 'इरॅटिक'. या तीन पायऱ्यांत माझ्या वर्गातली बहुतेक वाक्यं सुटली आहेत. वाचताना, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला व्हिम्झिकल समजून घेताना, नामाची खूण आहेच.

मराठीत आणताना

सगळ्यात अवघड काम हे, आणि माझ्या त्या फसलेल्या ओळीकडे परत जाणारं. इंग्रजीतून मराठीत येताना आपण विशेषणाला विशेषण शोधत बसतो. 'खेळकर' बरा, पण त्यात कल्पनाशक्ती कमी पडते. 'कल्पनारम्य' मोठ्या कादंबरीच्या परीक्षणातून आल्यासारखा वाटतो. 'गमतीशीर' जवळ जातो, पण त्यात कधी कधी 'चमत्कारिक'चा वास येतो. 'अवखळ' मुलाला शोभतो, चित्राला नाही. 'छांदिष्ट' माणसाला. 'अतरंगी' आजच्या बोलण्यातला आहे आणि कॉलेजच्या मुलांच्या तोंडी गोडही लागतो, पण त्यात धिटाई जास्त आणि हळवेपणा कमी. या प्रत्येकात थोडा थोडा व्हिम्झिकल आहे, पूर्ण कोणातच नाही.

बऱ्याच खटपटीनंतर माझ्या लक्षात आलं की मराठीत ही मजा विशेषणात राहतच नाही, क्रियापदात राहते. भोपळ्याच्या गोष्टीत भोपळ्याला एकही विशेषण नाही. तो टुणुक टुणुक करत जातो, बस. आपण गंमत सांगत नाही, ती घडवून दाखवतो. म्हणून 'व्हिम्झिकल'चं भाषांतर करताना मी आता विशेषण सोडून देते आणि विचारते: इथे नेमकं कोण काय करतंय? हसू व्हिम्झिकल असेल तर 'काहीतरी भलतंच सुचल्यासारखं तो हसला'. दुकानाची सजावट असेल तर 'दुकानात शिरलं की छताला टांगलेल्या किटल्या आपल्याकडे बघतात'. वाक्य लांबतं, पण त्यात माणूस आणि वस्तू जिवंत राहतात.

संपादकबाईंना मी दुसऱ्या दिवशी सकाळी नवी ओळ पाठवली. पुस्तकातली चित्रं पुन्हा एकदा उघडून, पानं उलटून, तिथे कोण काय करतंय ते बघून लिहिलेली: 'या पुस्तकातला हत्ती चष्मा विसरून शाळेत जातो, ढग दोरीवर वाळत पडतात, आणि प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात एक उंदीर तुमच्याआधी पोचलेला असतो.' 'व्हिम्झिकल'साठी एकही शब्द त्यात नव्हता. बाईंनी ती ओळ तशीच छापली.